ओल्या तंबूची घडी घालू नये

शेजारच्या हार्मसन यांनी मला आपला तंबू दिला तो माझ्या नोकरीकडे बघून. मी डेव्हेंटरच्या जलखात्यात आयसेल नदीची पातळी मोजतो. "जलखात्यातला माणूस आहेस," ते म्हणाले, "ओल म्हणजे काय हे तुला सांगायला नको." आणि मग त्यांनी मला ते पाऊण तास सांगितलं.

तंबू म्हणजे नुसता तंबू नव्हे. मोटारीच्या मागे लावायची ती एक दोन चाकांची पेटी होती. झाकण उलटं उघडलं की आतून जाडजूड सुती कापड निघायचं, हिरवं आणि नारिंगी, आणि त्याचं दोन खोल्यांचं घर व्हायचं. हार्मसन आणि त्यांच्या बायको ट्रूसबाई बत्तीस वर्षं ही पेटी घेऊन दर ऑगस्टात एकाच गावी, एकाच झाडाखाली जाऊन राहतात. तेहतिसाव्या खेपेला त्यांना ती परत हवी होती: तीन आठवड्यांनी, शनिवारी, दुपारी चार वाजता.

"साडेचारला आलास तर मी काही बोलणार नाही," हार्मसन म्हणाले. "पण चार."

पेटीबरोबर एकतीस नियमांचा कागद होता, वर प्लास्टिक चढवलेला. नियम पहिला: तंबू ओला असताना घडी घालू नये, चोवीस तासांत बुरशी धरते. नियम चौथा: वाळत असताना दर अर्ध्या तासाने बाजू उलटाव्यात, तंबूला एकटं सोडून जाऊ नये. उरलेले एकोणतीस नियम मी पाठ केले होते. त्यांचा कधी उपयोग झाला नाही.

"वाळलाय की नाही हे मी मोजीनच," मी म्हणालो. माझ्याकडे ओल मोजायचं एक छोटं यंत्र आहे, दोन सुया टोचल्या की आकडा दाखवणारं.

"यंत्र कशाला? गाल लावायचा," हार्मसन म्हणाले. "गालाला कळतं."

विज्ञान शिकलेल्या माणसाला याहून मोठा अपमान करून घ्यायचा असेल तर त्याने सासऱ्यासमोर खिळा ठोकावा.

ट्रूसबाईंनी कुंपणावरून बारा किलो बटाटे दिले. "तिकडचे घेऊ नका. तिकडचे शिजत नाहीत." तिकडचे म्हणजे कुठले, असं मी विचारलं. त्यांनी हद्दीच्या दिशेने हात केला. त्या हातात जर्मनीपासून पुढचं सगळं जग आलं.

आता हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. नीन्के आणि मी सहा वर्षं एकत्र राहतो. ती समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करते. फेब्रुवारीत तिला टास्मानियात दोन वर्षांचं काम मिळालं, सप्टेंबरच्या एक तारखेपासून. पत्र आलं त्या दिवशी मी केक आणला, तिचं अभिनंदन केलं आणि आपल्या रीतीप्रमाणे तिच्या आईचं, भावाचं आणि भावाच्या बायकोचंही फोन करून अभिनंदन केलं. या गडबडीत एक प्रश्न विचारायचा राहून गेला: मी येऊ का?

पहिल्या दिवशी राहिलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारणं सोपं असतं, असं लोकांना वाटतं. मी नोंदी ठेवणारा माणूस आहे. असा प्रश्न रोज अवघड होत जातो. आठवड्याने वाटलं, तिला मी यायला हवा असतो तर तिनेच म्हटलं असतं. महिन्याने वाटलं, ती म्हणत नाही म्हणजे नकोच असणार. एप्रिलमध्ये तिने एकटीचं तिकीट काढलं आणि मी तिला खिडकीजवळची जागा निवडून दिली. पायाला जागा जास्त मिळावी म्हणून.

म्हणून हा प्रवास. कोलोन, प्राग, व्हिएन्ना, आणि शेवटी त्रिएस्ते. नीन्केला लहानपणापासून असा समुद्र बघायचा होता की ज्याच्या पाठीशी डोंगर आहे. आमच्या समुद्राच्या पाठीशी बांध असतो आणि बांधाच्या पाठीशी गायी. मी तक्ता केला. एकोणिसावा दिवस, बुधवार, त्रिएस्ते, संध्याकाळी साडेसात, धक्क्यावर पाय सोडून बसल्यावर विचारायचं. आमच्याकडे आईला भेटायलाही तारीख घेतात, त्यामुळे यात मला काही विचित्र वाटलं नाही. फक्त तक्ता नीन्केसुद्धा बघणार, म्हणून त्या रकान्यात मी "टायरमधली हवा" असं लिहिलं.

"साडेसातला? समुद्रावर?" नीन्केने विचारलं.

"उन्हात तापलेल्या टायरचं माप चुकीचं येतं," मी म्हणालो. हे खरं आहे.

कोलोनला पोचलो तेव्हा नदीकाठच्या तंबूंच्या तळावर बावीसपैकी चौदा गाड्यांच्या पाट्या पिवळ्या होत्या, म्हणजे आमच्याच देशाच्या. पेटी उलटी सरकवत जागेवर न्यायला मी सुरुवात केली आणि चौदा पुरुष हातात कॉफीचे कप घेऊन उभे राहिले. परदेशात आपला माणूस आपल्याला एकटं पडू देत नाही.

"डावीकडे! नाही, तुझ्या डावीकडे!"

"अरे, चाक उलटं फिरव ना!"

"बायकोला चालवू दे, बायकोला!"

नीन्के तोपर्यंत खाली उतरून त्यांच्याच रांगेत उभी राहिली होती. तिच्याही हातात कप होता. कुठून आला कोण जाणे.

पहिल्या रात्री पाऊस पडला. तिसऱ्या सकाळी निघायचं होतं आणि यंत्र एकतीस टक्के दाखवत होतं. बाराच्या खाली हवं. एका सुती तंबूला वाळायला किती वेळ लागतो हे वाऱ्यावर, उन्हावर आणि कापडाच्या जाडीवर अवलंबून असतं. मी गणित मांडलं, नऊ तास आले. आठव्या तासाला परत पाऊस आला. कोलोनला दोन दिवस ठरले होते, पाच झाले.

आणि चौथा नियम होताच. तंबूला एकटं सोडायचं नाही. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी ती शहरात जाणार आणि मी बाजू उलटणार. दुपारी मी जाणार, ती उलटणार. जोडीने युरोप बघायला निघालेल्या माणसांनी कोलोनचं मोठं चर्च चार तासांच्या अंतराने बघितलं. संध्याकाळी बटाटे सोलताना आम्ही एकमेकांना ते सांगितलं.

"उजव्या बाजूच्या काचेत एक निळा आहे, बघितलास?"

"मी गेलो तेव्हा ढग होते."

"मग नसेल दिसला."

रोज पावणेसहाला, जेवायच्या आधी, हार्मसन यांचा फोन यायचा. कसे आहात, काय बघितलं, काही नाही. "कोरडा आहे ना?"

"वाळतोय, शेजारी. एकोणीस टक्के."

"गाल लावलास का?"

प्रागला सहा दिवस लागले. तळ नदीच्या अलीकडे होता आणि टेकडीवरचा किल्ला तंबूच्या दारातून दिसायचा, अंगठ्याच्या नखाएवढा. किल्ल्यावर ऊन असायचं. आमच्यावर पाऊस. मी तळाच्या मालकिणीला याचं कारण विचारलं. ती म्हणाली, किल्ला राजाचा आहे. माझ्या शिक्षणात असं उत्तर बसत नव्हतं, पण निरीक्षणाशी जुळत होतं.

एके दिवशी सकाळच्या पाळीवरून नीन्के परत आली ती गाल लाल करून. "जुन्या पुलावर जा. डावीकडून तिसऱ्या दिव्यापाशी उभा राहा. तिथून पाणी दोन रंगांचं दिसतं."

मी गेलो. तिसऱ्या दिव्यापाशी उभा राहिलो. पाणी एकाच रंगाचं होतं. कोनात बदल करून बघितला, वाकून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. तीन तासांपूर्वी ती याच दगडावर हात ठेवून उभी होती. दगड गार होता. दगड तीन तास ऊब धरून ठेवत नाही हे मला माहीत आहे, तरी मी हात ठेवून बघितला. मागून माणसं जोडीजोडीने जात होती आणि मला प्रथमच कळलं की या तंबूने आम्हाला दोन वर्षांची तालीम द्यायला घेतली आहे. एक शहर, दोन माणसं, आणि मधे काही तासांचा फरक. टास्मानियाचा फरक आठ तासांचा आहे.

"दिसले दोन रंग?" परत आल्यावर तिने विचारलं.

"दिसले," मी म्हणालो. निरीक्षणाची खोटी नोंद करायची माझी ती पहिलीच वेळ.

व्हिएन्नात तर तिने कहर केला. बागेत सकाळच्या वेळी वाद्यवृंद वाजवत होता, फुकट, आणि एक म्हातारा वाजवणारा मधेच झोपला होता, शेजारच्या बाईने त्याला व्हायोलिनच्या गजाने टोचलं. नीन्के हे सांगताना इतकी हसली की तिच्या हातातला बटाटा निसटून खुर्चीखाली गेला. मी लगेच निघालो. पोचलो तेव्हा खुर्च्या एकावर एक रचत होते. मी एका बाकावर बसलो आणि मला तिची फार आठवण आली. परत येऊन तिच्या समोर बसलो, तरी आठवण जाईना. समोर बसलेल्या माणसाची आठवण येऊ शकते का, याचं उत्तर माझ्याकडे आता आहे. येते. नीन्के बाजू उलटत होती, ओठात कापडाचे चिमटे धरून.

"असा काय बघतोस?"

"किती टक्के आहे?"

"चौदा," ती म्हणाली, आणि चिमटा लावून टाकला.

सोळाव्या दिवशी आम्ही हिशेब सोडला आणि ग्राझला आलो. त्रिएस्ते तिथून चार तासांवर. आमच्या तंबूवाल्यांच्या संघाच्या 'शांत मुक्काम' नावाच्या पुस्तिकेत शहराबाहेरचा एक ओढ्याकाठचा तळ दिला होता आणि पुढे कंसात लिहिलं होतं, "देशबांधव तुरळक". मला तेच हवं होतं. एक संध्याकाळ, जिथे कोणी कॉफी घेऊन उभं राहणार नाही.

फाटकातून आत शिरलो आणि नीन्के मोजू लागली. सतरा गाड्या, सोळा पिवळ्या पाट्या. सोळाही घरांनी तीच पुस्तिका घेतली होती आणि तेच वाक्य वाचलं होतं. प्रत्येक जण बाकीच्या पंधरांकडे, हे इथे कसे, अशा नजरेने बघत होता. आम्ही आल्यावर त्यांची एकजूट झाली.

"अजून एक आले," आपेलडोर्नचे कूर्ट म्हणाले. साठीचे, टोपीवाले, फुकट सल्ल्याचं कोठार. "ये, ये, उजवीकडे घे!"

त्यांच्या बायको विलमीनबाईंनी कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. आमच्याकडे पाहुण्याला एकच देतात, म्हणजे घरी आल्यासारखंच झालं.

त्या रात्री ग्राझला गारा पडल्या.

सतरावा दिवस गेला. अठरावा गेला. एकोणिसाव्या दिवशी, बुधवारी, यंत्राने तेवीस दाखवले. गुरुवारी सकाळी घरच्या दिशेने निघालो तरच शनिवारचे चार गाठता येणार होते. त्रिएस्ते गेलं. नीन्के नकाशा उघडून बसली होती. तिने समुद्राच्या निळ्या कडेवर बोट ठेवलं आणि नंतर नकाशाची घडी घातली. नकाशा कोरडा होता, घालता आली.

"पुढच्या वेळी," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. दोघांनाही पुढची वेळ कधी ते माहीत नव्हतं.

समुद्र नाही तर नाही. मी ठरवलं, साडेसात तरी आहेत. ओढा आहे, ओढ्याकाठी एक फळकूट आहे, पाय सोडून बसता येईल. सात वाजून वीस मिनिटांनी मी स्वच्छ शर्ट घातला. इथे माझी एक चूक झाली. कूर्टनी "कुठे निघालास नटून?" असं विचारलं आणि मी सवयीने तक्त्यातलं उत्तर दिलं.

"टायरमधली हवा बघायची आहे."

आमच्या माणसाला सगळं सोसतं, पण दुसऱ्याला एकट्याने टायर तपासताना बघणं सोसत नाही. साडेसात वाजता माझ्या गाडीभोवती नऊ पुरुष होते. कूर्टनी स्वतःचं हवेचं माप आणलं, झ्वोलच्या एकाने पायाने मारायचा पंप आणला, तिसरा म्हणाला की कूर्टचं माप गंडलेलं आहे.

"दोन पूर्णांक दोन!" कूर्ट म्हणाले.

"माझ्यात एक पूर्णांक नऊ दाखवतंय."

"तुझं माप कितव्या सालचं?"

"माझ्या सासऱ्याचं आहे."

"मग सासऱ्याच्या टायरलाच लाव ते!"

मी गुडघ्यावर बसून झडपा उघडत होतो. स्वच्छ शर्टाच्या बाहीला काळं लागलं. ओढ्याकाठच्या फळकुटावर नीन्के एकटी बसली होती, पाय पाण्यात, पाठ आमच्याकडे. एकदाच तिने वळून बघितलं. आठला दहा कमी असताना पाचवा टायर, म्हणजे पेटीतला जादाचा, बाहेर निघाला. साडेआठला सगळ्यांचं एकमत झालं. फळकूट तोवर रिकामं होतं.

तंबूत आलो तेव्हा ती झोपायच्या पिशवीत तोंड भिंतीकडे करून पडली होती.

"किती होती हवा?" तिने विचारलं.

"दोन पूर्णांक एक."

"बरं झालं," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी आकाश असं निळं होतं की मला त्याचा राग आला. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा. नऊ वाजता मी सुया टोचल्या: साडेअकरा टक्के. उजवी बाजू अकरा. कोपरे, जिथे नेहमी ओल राहते, तिथेही बाराच्या आत. तंबू कोरडा होता. मी खुंट्या काढायला वाकलो. कूर्ट आणि विलमीनबाई कॉफी घेऊन बाहेर खुर्च्यांवर बसले होते. घडी नीट घातली जाते की नाही हे बघण्यासाठी आणखी पाचसहा जण जमले होते.

नीन्के भांडी घासायच्या जागेवरून आली. तिच्या हातात आमची भांडी धुवायची निळी तसराळी होती, काठोकाठ भरलेली. ती तंबूपाशी थांबली आणि तिने ते पाणी उजव्या बाजूवर फेकलं.

कूर्टनी कप खाली ठेवला. आमच्या देशात भांडणं होतात, घटस्फोट होतात, माणसं धर्म बदलतात. पण घडी घालायच्या तयारीत असलेल्या कोरड्या तंबूवर पाणी टाकलेलं त्या लोकांनी कधी बघितलं नव्हतं.

"अहो बाई!" विलमीनबाई ओरडल्या. "अहो, टॉवेल आणा कोणीतरी!"

चार जण टॉवेल घेऊन धावले.

"लांब राहा," नीन्के म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "किती वेळ लागेल?"

मी आयुष्यात इतक्या सरळ प्रश्नाला इतकं घाबरलो नव्हतो. "या उन्हात? तीन तास चाळीस मिनिटं."

ती गेली, आणखी एक तसराळी घेऊन आली, आणि डावी बाजू भिजवली. "आता?"

"साडेपाच तास."

"निघता येईल?"

"दुपारी तीनला निघता येईल. रात्रभर गाडी चालवावी लागेल, पण येईल."

तिने तिसऱ्यांदा भरून आणली. ते पाणी छपरावर गेलं, कारण छप्पर दुहेरी कापडाचं आहे आणि तिथे सगळ्यात जास्त पाणी मुरतं. हे तिला मीच कोलोनला समजावून सांगितलं होतं. पाणी कडेवरून माझ्या बुटांवर गळायला लागलं.

"आज निघता येणार नाही," मी म्हणालो.

"मग विचार," नीन्के म्हणाली. तसराळी तिने छातीशी धरली होती, तिचा सगळा सदरा भिजला होता. "साडेसातला काय विचारणार होतास ते विचार. समुद्रावर बसून टायरची हवा बघणारा माणूस अजून जन्माला यायचाय, योरिट. मी फेब्रुवारीपासून वाट बघतेय."

"तू कधी म्हणाली नाहीस."

"तू माझ्यासाठी खिडकीजवळची जागा निवडलीस! मला वाटलं, याला नदी सोडवत नाही. सोडवत नसेल तर ओढून कशाला न्यायचं?"

टॉवेल घेतलेले चौघे तिथेच उभे होते. जायचं की थांबायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग ते थांबले.

"प्रागला मला एकच रंग दिसला," मी म्हणालो. हे का म्हणालो मला माहीत नाही. ते आधी मोकळं करायला हवं होतं.

"एकच होता," ती म्हणाली. "मला वाटलं, दोन शोधत तू तिथे जरा जास्त वेळ उभा राहशील. मी उभी होते त्या जागी."

मी विचारायचं वाक्य तक्ता करताना बावीस वेळा घोकलं होतं, त्यातला एकही शब्द आठवेना. तोंडातून निघालं ते भलतंच.

"टास्मानियात नद्यांची पातळी मोजतात का?"

"मार्चमध्येच चौकशी केलीय," नीन्के म्हणाली. "मोजतात. माणसं कमी आहेत त्यांच्याकडे."

विलमीनबाईंनी पुढे होऊन माझं अभिनंदन केलं. मग नीन्केचं. मग कूर्टनी चारही टॉवेलवाल्यांचं केलं, आणि ते सगळे एकमेकांचं करू लागले. बिस्किटांचा डबा उघडला गेला आणि, मी स्वतः बघितलं, तो उघडाच राहिला.

संध्याकाळी आम्ही दोघं ओढ्याच्या फळकुटावर पाय सोडून बसलो होतो. पलीकडे डोंगर होता. समुद्र नव्हता, पण तो कुठल्या बाजूला आहे हे मी तिला दाखवलं आणि ती बराच वेळ त्या बाजूला बघत राहिली. पावणेसहाला फोन वाजला.

"कोरडा आहे ना?" हार्मसन यांनी विचारलं.

मी उठलो, तंबूपाशी गेलो आणि कापडाला गाल लावला. गार होता.

"नाही, शेजारी. ओला आहे."

पलीकडून अगदी हळू आवाजात, आजाऱ्याची विचारपूस करावी तसं: "किती?"

"मोजलं नाही," मी म्हणालो.